मागं उभी असलेली माणसं : वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. गेल्या अंकात मी मालिकेतल्या क्राउडबद्दल, म्हणजे हिरो-हिरोईनच्या मागं जी माणसं भाजी घेत असतात, गाडी पुसत असतात, लग्नात अक्षता टाकत असतात त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी साताऱ्याची, मालिकांमध्ये सेकंड असिस्टंट डिरेक्टर आहे आणि सेटवर क्राउड सांभाळणं हे सेकंडचंच काम असतं. शाळेत असताना मी स्वतःही वाईच्या घाटावर एका पिक्चरच्या गर्दीत कळशी घेऊन उभी होते, तिथूनच हे वेड लागलं.

ताई, आम्ही मालिका बघताना हिरोईनकडं बघतो. मागून कोण गेलं, कोण आलं कुणाच्या लक्षात राहतं? मग त्या माणसांवर एवढा वेळ आणि पैसा कशाला घालवायचा?
— निवृत्त शिक्षक, वाई

सर, लक्षात राहत नाही हे खरं, पण त्यांना काढून टाका आणि मग तोच सीन बघा. लॉकडाऊननंतर पुन्हा शूटिंग सुरू झालं तेव्हा सेटवर माणसं कमीत कमी ठेवायची होती आणि त्या काळातले एपिसोड आठवा, लग्नात घरातलेच आठ जण, बाजारात एकच दुकानदार, आणि तुम्ही घरी बसून म्हणालाच असाल की काहीतरी पोकळ पोकळ वाटतंय. कथा तीच, डायलॉग तसेच, पण त्या घराला गाव नव्हतं.

मागच्या माणसाचं पहिलं काम आपण कुठं आहोत आणि किती वाजलेत हे सांगणं. एखादा सीन सातारा स्टँडवर आहे असं कागदावर असतं, पण पडद्यावर ते कसं कळणार? पाटी दाखवली की झालं असं नसतं. मी काय करते, एक माणूस काळी ट्रंक आणि खाकी रंगाची मोठी पिशवी घेऊन बाकड्यावर बसवते, केस बारीक कापलेले, शेजारी त्याची बायको नवी साडी नेसून, आणि लेकरू त्या ट्रंकेवर बसलेलं. बास. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळं इथल्या बाईला बघताक्षणी कळतं की सुट्टी संपलीय आणि तो निघालाय. पुढं हिरो-हिरोईन त्यांचं भांडण भांडत असतात आणि मागं ती दोघं एक शब्द न बोलता बसलेली असतात, त्या भांडणाला वजन कुठून येतं तर त्या बाकड्यावरून.

दुसरं काम याहून मोठं. समोर जे घडलं ते किती गंभीर आहे हे प्रेक्षक मागच्या माणसांच्या चेहऱ्यावरून ठरवतो. आपल्याकडं एखाद्याच्या घरात मोठ्यानं आवाज झाला की आपण आधी शेजारच्या ओट्यावरच्या बायकांकडं बघतो ना, तसंच. एक प्रसंग सांगते. वाईजवळच्या एका गावात सीन होता, हिरोईनच्या वडलांचा भर बाजारात अपमान होतो, सावकार त्यांची पगडी उडवतो वगैरे. मी क्राउडला सांगितलं होतं की आवाज आला की सगळ्यांनी वळून बघायचं. मास्टर शॉट, म्हणजे सगळा बाजार एकत्र दिसणारा शॉट घेतला, सगळे वळले, एकदम कवायतीसारखे. त्यात एक म्हातारी होती, खरीखुरी भाजीवाली, आम्ही तिला तिच्याच पाटीसकट बसवलं होतं. तिनं काय केलं, पगडी पडली तशी मान खाली घातली, पदर पुढं ओढला आणि कोथिंबिरीच्या जुडीवर पाणी शिंपडायला लागली, एकेक थेंब, हळूहळू. मी कट झाल्यावर तिच्याजवळ जाऊन म्हटलं, आजी, वर बघायचंय, सगळे बघतायत. तर म्हणाली, "बाये, कुणाची अब्रू जाताना बघत बसायचं नसतं." मी ते डिरेक्टरना जाऊन सांगितलं आणि त्यांनी कॅमेरा उचलून तिच्या हातांचा वेगळा क्लोज घेतला. एपिसोडमध्ये वडलांच्या चेहऱ्यानंतर थेट तिचे ओले हात आहेत. लेखकाच्या कागदावर ती म्हातारी नव्हतीच सर, कागदावर फक्त लिहिलं होतं "बाजार, गर्दी".

आणि हे काही टीव्हीनं शोधून काढलेलं नाही. तमाशात शाहिराच्या मागं झीलकरी उभे असतात, शाहीर ओळ टाकतो आणि ते "जी जी जी" करून ती उचलतात, ते नसतील तर शाहिराची ओळ खालीच पडते. १९७२ साली आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये तर मागच्या माणसांची रांगच भिंत झाली होती, माणसांची भिंत, ती डुलायची, गायची, मधेच पाठ फिरवायची आणि तिच्यामागं काय चाललंय ते झाकायची. पुण्यातला तो सगळा समाज डोळे मिटून कसा उभा होता हे त्या रांगेनं दाखवलं, एकट्या नटानं दाखवलं नसतं. त्यातल्या नाना फडणवीसांचा खरा वाडा तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर मेणवलीला आहे, आणि त्याच मेणवलीत २००४ चा 'स्वदेस' चित्रित झाला. त्यात गावाला सिनेमा दाखवतात तो प्रसंग परत बघा. मधोमध पडदा, एका बाजूला एका जातीची माणसं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या जातीची, ती उलटं चित्र बघतायत. गावातली जात सांगायला डायलॉग लागला नाही, कोण कुठं बसलंय तेवढंच पुरलं. ती बसलेली सगळी माणसं क्राउडच होती.

आम्ही कोल्हापूरचे पाहुणे आल्यावर मुद्दाम मालिका लावली कारण माझी आई त्यात यात्रेच्या सीनमध्ये दिवसभर उभी होती. पण आई कुठंच दिसली नाही. तिला फार वाईट वाटलं. असं का होतं?
— गृहिणी, कोरेगाव

वाचून मलाच वाईट वाटलं, कारण हे दर आठवड्याला होतं आणि आम्ही कुणी आधी समजावून सांगत नाही. आईंना सांगा की त्यांचं काही चुकलेलं नाही. एक तर दिवसभरात यात्रेचे दहाबारा शॉट घेतले असतील आणि एडिटिंगला त्यातले चारपाच राहिले असतील, रोजचा एपिसोड जाहिराती सोडून वीस-बावीस मिनिटांचा, त्यात यात्रा दोन मिनिटं. दुसरं म्हणजे लेन्स. हिरोईनचा क्लोज घेताना मागचं सगळं धूसर होतं, माणसाच्या जागी नुसता रंग उरतो, आईंची हिरवी साडी कदाचित हिरवा ठिपका म्हणून असेलही तिथं. टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम असतात, दोन सेकंद दिसलं म्हणजे ५० फ्रेम, आणि घरात पाहुणे बोलत असताना दोन सेकंद निघून जातात. मोबाईलवर तो एपिसोड परत लावा, यात्रेच्या सीनला हळूहळू पुढं करत थांबवत बघा, कडेकडेला बघा, मध्ये बघू नका. पाठमोऱ्या असतील तर चालण्यावरून तुम्ही ओळखाल.

खरं सांगू का, दिवसाच्या कामाचा जो कागद निघतो त्या शीटवर त्यांचं नाव नसतं. शीटवर असतं "क्राउड २५, यात्रा, बायका १५ पुरुष १०". मला हे पहिल्या वर्षापासून खुपतं. म्हणून मी एक वही ठेवते, त्यात तारीख, सीन आणि माणसांची नावं, आणि शक्य असेल तिथं कुठला शॉट एपिसोडला गेला ते. वही काही कुणी मागत नाही माझ्याकडं. पण माणूस दिवसभर उन्हात उभा राहिला तर तो नेमका कोण होता एवढं तरी कुठं लिहिलेलं असावं.

मागची माणसं खरंच बोलत असतात का? मग आवाज कसा येत नाही?
— इयत्ता नववी, कराड

नाही रे बाळा, ती नुसते ओठ हलवतात. पुढच्या कलाकारांचा आवाज जागेवरच माईकवर घेतात, मागं खरी कुजबुज झाली तर ती त्यात मिसळते आणि मग काढता येत नाही. बाजाराचा गलका, देवळातली घंटा, पंगतीतली गडबड हे सगळं नंतर वेगळं रेकॉर्ड करून खाली टाकतात, त्याला आमच्यात वॉला म्हणतात. पंगतीच्या सीनला तर आम्ही स्टीलच्या वाट्या काढून पत्रावळी-द्रोण मांडतो कारण वाटी ताटाला लागली की टण्ण आवाज येतो. आणि बायकांना बांगड्या कमी घालायला सांगतो. तू एकदा घरी करून बघ, दोघांनी समोरासमोर बसून आवाज न काढता भांडायचं, दोन मिनिटंसुद्धा जमत नाही, ही माणसं सहा सहा तास करतात.

तीच बाई सोमवारी हिरोईनची शेजारीण असते आणि गुरुवारी हॉस्पिटलात नर्स. आम्हाला काय येडं समजता का?
— दुकानदार, इस्लामपूर

दादा, तुमचा राग बरोबर आहे. रोज एक एपिसोड बाहेर काढायचा असतो, बँकेत, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले, चारपाच एपिसोड शिल्लक असले तरी नशीब, आणि क्राउड पुरवणाऱ्याला सकाळी सात वाजता माणसं आणायची असतात तर तो ओळखीचीच दहा घरं फिरतो. त्यातून ती नर्स होते. चूक आमची, माझ्या हातून पण झालीय. एकदा पिवळी पिशवी घेतलेला एक माणूस एकाच सीनमध्ये तीनदा डावीकडून उजवीकडं गेला, परत यायला मी सांगितलंच नाही, आणि तो बिचारा कॅमेऱ्याच्या मागून पळत जाऊन पुन्हा पहिल्या जागी उभा राहत होता कारण त्याला वाटलं असंच असतं. तीन पिवळ्या पिशव्या टीव्हीवर गेल्या.

पण यातच एक चांगली गोष्ट पण दडलीय ती सांगते. शेजारीण जर कायम शेजारीणच ठेवली, तोच चहावाला, तोच कंडक्टर, तोच पारावरचा म्हातारा, तर सहा महिन्यांत प्रेक्षक त्यांना ओळखायला लागतो आणि मग ती माणसं क्राउड राहत नाहीत, गाव होतात. आपल्या साताऱ्यात २०१७ ते २०१९ 'लागिरं झालं जी' चालली तेव्हा इथली बरीच माणसं त्यात होती आणि लोकांना ती मालिका जवळची वाटायचं ते एक मोठं कारण, बोलणं, बसणं, डोक्यावरचा पदर, काही शिकवावं लागत नव्हतं. मुंबईहून आणलेल्या माणसाला विहिरीवरून पाणी शेंदायला शिकवण्यात माझा अर्धा तास जातो.

इथल्या माणसांनी मला कितीदा वाचवलंय. माझा पहिल्या वर्षातला मयताचा सीन होता, मी हिंदी मालिका बघून वाढलेली, सगळ्या बायकांना पांढऱ्या साड्या मागवल्या. साड्या वाटायला लागले तर एक मावशी म्हणाल्या, "ताई, आपल्याकडं मयताला पांढरी नेसून कोण येतं? कळलं की हाय त्या लुगड्यावर पळत येत्यात." आणि त्या तशाच मागं वळल्या, केटरिंगच्या तंबूत जाऊन दोन्ही हात पिठात बुडवून आल्या. भाकरी थापता थापता निरोप आला असं त्यांनी ठरवलं होतं. त्या पिठाच्या हातांनी त्यांनी हिरोईनला कवटाळलं आणि तिच्या काळ्या ब्लाउजवर पाठीला पाच बोटं उमटली. ड्रेसदादा ओरडला कंटिन्युइटी गेली म्हणून, म्हणजे आधीच्या शॉटशी कपडे जुळणार नाहीत, पण पुढचे सगळे शॉट आम्ही त्याच पाच बोटांसकट घेतले. पांढऱ्या साड्या गाडीतच राहिल्या.

पन्नास माणसांत पाचशेची सभा कशी दाखवता?
— कॉलेज विद्यार्थी, सांगली

माणसं कॅमेऱ्याच्या जवळ दाटीनं उभी करायची, मागं तुरळक, लांब पल्ल्याची लेन्स लावायची म्हणजे मधली मोकळी जागा दिसत नाही, आणि पुढच्या शॉटला त्याच माणसांचे फेटे-टोप्या बदलून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायची. कडेला दोन झेंडे हलते ठेवले की मोकळी बाजू झाकते. आता कॉम्प्युटरवर माणसं वाढवतात पण रोजच्या मालिकेला तेवढा वेळ नसतो. एकेकाळी मात्र खरीच माणसं बोलवायचे. 'गांधी' सिनेमातल्या अंत्ययात्रेला, १९८१ च्या जानेवारीत दिल्लीत, साधारण तीन लाख माणसं होती आणि त्यातली बहुतेक आपणहून आलेली होती. तू सांगलीचा आहेस म्हणून आठवलं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तुमच्याच गावात 'सीता स्वयंवर' केलं, त्या खेळांतली राक्षसपार्टी "अललडुर्र" ओरडत यायची. मूठभर माणसं, पण ओरडण्यानं रंगभूमी भरून टाकायची. संख्या कमी असली की आवाज आणि हालचाल वाढवायची, तीच युक्ती आजही चालते.

आमच्या गावात पुढच्या महिन्यात शूटिंग आहे. मी, माझी बहीण आणि तिचा सात वर्षांचा मुलगा क्राउडमध्ये जाणार आहोत. काय काळजी घ्यावी?
— अंगणवाडी सेविका, पाटण तालुका

आधी पैशाचं. काम देतो म्हणून कुणी रजिस्ट्रेशनचे, कार्डाचे, फोटोचे पैसे मागत असेल तर देऊ नका, क्राउडमध्ये उभं राहायला पैसे मिळतात, द्यावे लागत नाहीत. रोज किती, शिफ्ट किती तासांची, जेवण-गाडीभाडं कुणाचं, आणि पैसे संध्याकाळी हातात की नंतर, हे आदल्या दिवशी मेसेजवर लिहून घ्या. टीव्हीच्या धंद्यात पैसे तीन-तीन महिन्यांनी द्यायची पद्धत पडलीय, पण मजुरी सोडून आलेल्या माणसाला ते परवडत नाही हे आधीच सांगायचं. एकदा आमच्या सेटवर माणसं पुरवणाऱ्यानं ४० जणांचे पैसे उचलले आणि बायकांच्या हातात ठरल्यापेक्षा निम्मेच दिले, मला ते कळलं तेव्हा पॅकअप होऊन तो निघून गेला होता. तेव्हापासून मी पॅकअपच्या आधी स्वतः चारदोन जणींना विचारते की किती मिळाले. तुम्हीही सेकंडला गाठून विचारा, घाबरू नका.

कपडे दोनतीन जोड न्या. पांढरंफट्ट नको, भडक लाल नको, बारीक चौकड्या-रेघा नकोत, त्या कॅमेऱ्यात थरथरल्यासारख्या दिसतात. कंपनीचं नाव छापलेलं काही नको. स्वतःची पाण्याची बाटली, टोपी, आणि बसायला एक गोणपाट. बायकांसाठी बाथरूम कुठं आहे हे पहिल्या दहा मिनिटांत विचारायचं, लाजायचं नाही, कारण ते विचारलं नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता उभ्या राहिलेल्या बायका मी बघितल्यात.

मुलाचं मात्र नीट ऐका. १४ वर्षांखालच्या मुलाला शूटिंगमध्ये घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, २०१७ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, शाळा बुडता कामा नये, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावानं बँकेत ठेवीत टाकायचे. नुसत्या गर्दीत उभं राहायचंय, त्याला कशाला परवानगी, असं कुणी म्हणालं तर त्याला घेऊन घरी या.

मी दोनदा क्राउडमध्ये गेलो. दोन्ही वेळा मला ओरडा बसला की कॅमेऱ्याकडं बघू नको. बघायचं नसतं हे कळतं, पण नजर आपोआप जाते. मग बघायचं तरी कुठं?
— रिक्षाचालक, सातारा

भाऊ, तुम्हाला ओरडले ते चुकलं, कारण "तिकडं बघू नको" म्हटलं की माणूस तिकडंच बघतो. आम्ही तुम्हाला काम द्यायला पाहिजे होतं. नुसतं उभं राहा, इकडून तिकडं जा, असं सांगितलं की डोळ्यांना काही उद्योग नसतो आणि ते कॅमेरा शोधतात. पुढच्या वेळी सेकंडला विचारा, मी कोण आहे आणि कुठं चाललोय. त्यानं नाही सांगितलं तर तुमचं तुम्ही ठरवा. रिक्षावाले आहात तर पॅसेंजर सोडून आलाय आणि सुट्टे कमी भरले असं धरा, खिशातली चिल्लर काढा आणि खरोखर मोजा, मनात आकडा म्हणत मोजा. भाजीच्या गाड्यावर उभं केलं तर घेवड्यातली किडकी शेंग शोधा, आणि सापडली की बाजूला काढून ठेवा.